कर वाचला, बचत कुठे गेली?

फेब्रुवारी संपत आला की नोकरदारांच्या घरात एक ठरलेली धांदल सुरू व्हायची. ऑफिसच्या अकाउंट्स विभागाकडून सूचना निघायची, की गुंतवणुकीच्या पावत्या अमुक तारखेपर्यंत जमा करा, नाहीतर मार्चच्या पगारातून कर कापला जाईल. मग शोधाशोध. विम्याच्या हप्त्याची पावती कपाटात, मुलांच्या फीची पावती कुठल्यातरी वहीत, पीपीएफचं पासबुक वर्षभर भरून न आणलेलं. एवढं करून हिशेब मांडला की वीस-पंचवीस हजार कमीच पडायचे. नेमके त्याच आठवड्यात ओळखीचे विमा एजंट घरी यायचे. सही व्हायची, चेक जायचा, आणि कर वाचला म्हणून घर निवांत व्हायचं. आता हा हप्ता पुढची वीस वर्षं भरायचा आहे, हे एप्रिलमध्ये लक्षात यायचं.

या धांदलीला आपण करबचत म्हणत आलो. आधी कलम ८८ होतं. २००५ च्या अर्थसंकल्पानं ते जाऊन ८०सी आलं आणि वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीवर वजावट मिळू लागली. २०१४ मध्ये ही मर्यादा दीड लाख झाली आणि पुढे तिथेच राहिली. या कलमाला नावं ठेवणारे पुष्कळ होते, मीही त्यात असायचो. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्यांनी आपणहून कधी पाच रुपये बाजूला टाकले नसते, अशा लाखो माणसांच्या नावावर आज पीपीएफ, राष्ट्रीय बचत पत्रं किंवा म्युच्युअल फंडाची थोडीफार पुंजी आहे, ती या कलमाच्या धाकामुळे. बचत चांगली म्हणून ती केली जात नव्हती. कर चुकवावा लागू नये म्हणून केली जात होती. पण होत होती.

हा धाक आता बहुतेकांपुरता संपला आहे. कसा, ते थोडक्यात सांगतो.

२०२० च्या अर्थसंकल्पात सरकारनं दुसरी करप्रणाली पुढे ठेवली. कराचे दर कमी, पण वजावटी जवळजवळ नाहीत. सुरुवातीला तिच्याकडे कुणी फारसं फिरकलं नाही. मग २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाऊ लागली, म्हणजे तुम्ही काही सांगितलं नाही तर कर नव्या पद्धतीनं कापणार. जुलै २०२४ मध्ये नव्या प्रणालीत पगारदारांची प्रमाणित वजावट ५० हजारांवरून ७५ हजार झाली. आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पानं बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावरचा कर शून्यावर आणला. लोकांनीही आपला कौल दिला आहे. ३१ जुलै २०२४ पर्यंत भरल्या गेलेल्या सुमारे ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ५ कोटी २७ लाख नव्या प्रणालीतली होती. म्हणजे शेकडा ७२. बारा लाखांची घोषणा तर त्यानंतरची.

आता एक साधं गणित बघू. एका गृहस्थांचा वर्षाचा पगार १२ लाख ७५ हजार आहे. प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न १२ लाख. २०२४-२५ मध्ये नव्या प्रणालीत त्यांना उपकरासह ८३ हजार २०० रुपये कर होता. २०२५-२६ मध्ये शून्य. म्हणजे पगार एका पैशानंही न वाढता दर महिन्याला सुमारे ६,९०० रुपये हातात जास्त येऊ लागले.

ते कुठे गेले, असं मी अशा चार-सहा जणांना विचारलं. कुणालाच नीट सांगता आलं नाही. एकानं गाडी बदलली होती आणि तिचा हप्ता जवळजवळ तेवढाच होता. एकाकडे मोबाइलचे दोन हप्ते चालू होते. बाकीच्यांचे असेच गेले. यात कुणी उधळपट्टी केली असं मी म्हणणार नाही, महागाई प्रत्येकाच्या घरात आहे. पण हेच ६,९०० रुपये दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत पीपीएफमध्ये टाकले आणि एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्के दर कायम राहिला असं धरलं, तर १५ वर्षांत पावणेबावीस लाखांच्या वर रक्कम होते. भरलेले असतात साधारण साडेबारा लाख. शिवाय या गृहस्थांनी नव्या प्रणालीत गेल्यावर आणखी एक काम केलं होतं. ‘आता त्याचा काय उपयोग’ म्हणून पीपीएफमध्ये पैसे टाकणंच थांबवलं होतं. म्हणजे नवी बचत झाली नाही ती नाहीच, जुनीही थांबली.

पीपीएफचा उपयोग संपला, हा समज मला वारंवार भेटतो, म्हणून त्याबद्दल स्पष्ट सांगतो. नव्या प्रणालीत पैसे भरताना मिळणारी वजावट गेली आहे. खात्यावर मिळणारं व्याज मात्र नव्या प्रणालीतही करमुक्त आहे आणि मुदतीनंतर हातात येणारी रक्कमही. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला बँकेची सात टक्क्यांची ठेव कर वजा जाता ४.८ टक्केच देते. त्याच्यासाठी ७.१ टक्के करमुक्त ही फार मोठी गोष्ट आहे. ज्याला मुळात करच लागत नाही, त्यानं मात्र ‘करमुक्त’ या शब्दाला भुलू नये. त्याच्या दृष्टीनं दोन्हीकडचा दर आणि पैसे किती काळ अडकणार, एवढंच बघण्यासारखं आहे. आणि काहीही करा, पण खातं बंद पडू देऊ नका. वर्षाला ५०० रुपये भरले तरी ते जिवंत राहतं.

५ तारखेचा उल्लेख मी मुद्दाम केला. पीपीएफमध्ये व्याज धरताना त्या महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल, ती धरतात. ६ तारखेला भरलेल्या पैशांना त्या महिन्याचं व्याज नाही. वर्षाची रक्कम एकदम भरणार असाल तर ती ५ एप्रिलच्या आत भरा. मार्चअखेर रांगेत उभं राहून भरणाऱ्यांचं अख्ख्या वर्षाचं व्याज बुडत आलं आहे.

आता बारा लाखांकडे वळू. ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ हे वाक्य खरं आहे, पण अर्धंच. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून करमुक्त मर्यादा आहे ४ लाखांची. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५, पुढे दर चार लाखांना २० आणि २५, आणि २४ लाखांच्या वर ३० टक्के. १ फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पानं या टप्प्यांना हात लावला नाही. या हिशेबानं १२ लाखांवर ६० हजार कर येतो. तो आधी मोजला जातो आणि मग करसूट म्हणून पूर्ण माफ होतो. मोजणं आणि माफ करणं या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत हे ध्यानात ठेवलं, की पुढच्या दोन्ही अडचणी समजतात.

पहिली अडचण काठावरच्यांची. वरच्याच गृहस्थांना समजा बँकेतल्या मुदत ठेवीवर वर्षाला २५ हजार व्याज मिळालं. करपात्र उत्पन्न झालं १२ लाख २५ हजार. करसूट गेली. टप्प्यांप्रमाणे कर होतो ६३ हजार ७५०. एवढा कर घेतला तर पंचवीस हजार मिळवून माणूस आधीपेक्षा गरीब होईल, म्हणून कायद्यात एक दिलासा आहे. बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. म्हणजे कर २५ हजार. त्यावर ४ टक्के उपकर, एक हजार. व्याज मिळालं २५ हजार आणि कर गेला २६ हजार. करपात्र उत्पन्न १२ लाख ७० हजारांच्या थोडं पुढे जाईपर्यंत हाच खेळ चालतो. त्या पट्ट्यात वरचा प्रत्येक रुपया जवळजवळ सगळाच सरकारजमा.

हे सांगितलं की लगेच प्रश्न येतो, ‘मग ती ठेव हिच्या नावावर केली तर?’ आपल्याकडे हा फार जुना उपाय आहे आणि तो फार पूर्वीपासून निरुपयोगी आहे. नवऱ्यानं बायकोला दिलेल्या पैशांवर येणारं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. तिचे स्वतःच्या कमाईचे किंवा माहेरून मिळालेले पैसे असतील तर गोष्ट वेगळी. काठावर असलेल्यांना खरा उपयोग होतो तो दोन गोष्टींचा. एक, ठेवीतला काही भाग पीपीएफकडे वळवणं, कारण तिथलं व्याज करपात्र उत्पन्नात येतच नाही. दुसरी, मालकाकडून एनपीएस खात्यात भरली जाणारी रक्कम. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १४ टक्क्यांपर्यंतची ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते. तुमच्या कंपनीत ही सोय असेल तर पगाराची मांडणी बदलून घेता येते का, हे मनुष्यबळ विभागाला विचारा. मात्र ते पैसे निवृत्तीपर्यंत बऱ्याच अंशी अडकतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत घराचं डाउन पेमेंट करायचं असेल तर या वाटेनं जाऊ नका.

दुसरी अडचण शेअर बाजारात नव्यानं उतरलेल्यांची. करसूट फक्त वर सांगितलेल्या टप्प्यांनुसार लागणाऱ्या कराला आहे. शेअर किंवा शेअर-आधारित म्युच्युअल फंडाचे युनिट वर्षाच्या आत विकून झालेला नफा हा अल्पकालीन भांडवली नफा, आणि त्याला स्वतंत्र दर आहे. २३ जुलै २०२४ पासून तो १५ वरून २० टक्के झाला. एखाद्या तरुण अभियंत्याचा पगार ९ लाख आहे आणि शेअरमध्ये त्यानं वर्षभरात उलाढाल करून एक लाख मिळवले. एकूण उत्पन्न बारा लाखांच्या कितीतरी खाली. पगारावरचा कर माफ होईल, पण त्या एका लाखावर २० हजार आणि उपकराचे ८०० त्याला भरावेच लागतील. मुलं यावर भांडतात. ‘बारा लाखांपर्यंत नाही ना?’ त्यांचा रागही समजण्यासारखा आहे, कारण जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

यालाही एक पोटनियम आहे, आणि तो गृहिणींच्या व निवृत्तांच्या उपयोगाचा आहे. तुमचं बाकीचं उत्पन्न चार लाखांपेक्षा कमी असेल, तर त्या मर्यादेतली जी जागा रिकामी राहिली तिच्यात हा नफा बसवता येतो. एखाद्या बाईंना स्वतःच्या ठेवींचं एक लाख व्याज आणि शेअरमधला दोन लाख नफा असेल तर कर शून्य.

वर्षापेक्षा जास्त काळ ठेवून विकलेल्या शेअरवर आणि अशा फंडांवर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, पण वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा सोडून. ही सव्वा लाखाची सूट दर वर्षीची आहे. या वर्षी वापरली नाही म्हणून पुढच्या वर्षी अडीच लाख होत नाही. ज्यांचे फंडात जुने पैसे आहेत त्यांनी मार्चमध्ये तेवढ्या नफ्यापुरते युनिट विकून पुन्हा घेतले, तर पुढच्या काळातला कर कमी होतो. काम कायदेशीर आहे आणि दहा मिनिटांचं आहे. तोटा झाला असेल तर तो मुकाट्यानं गिळू नका. विवरणपत्र मुदतीत भरलं तर तो पुढच्या आठ वर्षांत भांडवली नफ्यातून वळता करून घेता येतो. मुदत चुकली तर हा हक्क जातो.

आता ज्येष्ठांबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत निम्मी त्यांची असतात आणि प्रश्न बहुधा एकच असतो, की बँकेनं व्याजातून कर का कापला. समजा निवृत्तिवेतन वर्षाला ६ लाख आणि ठेवींचं व्याज ४ लाख. निवृत्तिवेतनालाही ७५ हजारांची प्रमाणित वजावट आहे, त्यामुळे करपात्र उत्पन्न सव्वानऊ लाख, आणि नव्या प्रणालीत कर शून्य. पण बँकेला तुमचं सगळं उत्पन्न ठाऊक नसतं. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज एक लाखाच्या वर गेलं की बँक टीडीएस कापते, इतरांसाठी ही मर्यादा ५० हजारांची आहे. चार लाख व्याज एकाच बँकेत असेल तर दहा टक्क्यांनी ४० हजार कापले जातील. ते टाळायचं तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला स्वयंघोषणापत्र द्यायचं. वर्षानुवर्षं आपण त्याला १५एच म्हणत आलो. करसूट धरून कर शून्य होत असेल तरी ज्येष्ठांना ते देता येतं. देण्याचं राहून गेलं तर पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरून परत मिळतात. पण त्यात काही महिने जातात.

याच्या उलट चूक जास्त महाग पडते. टीडीएस कापला नाही म्हणजे ते व्याज करमुक्त आहे, असं पुष्कळ जण धरून चालतात. चार बँकांत ठेवी विभागल्या आणि कुठेच कापला गेला नाही, म्हणून विवरणपत्रात दाखवलं नाही. नोव्हेंबर २०२१ पासून प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येकाचं एक वार्षिक माहिती पत्रक असतं, त्याला एआयएस म्हणतात. चारही बँकांतलं व्याज, लाभांश, शेअरची खरेदी-विक्री, सगळं तिथे जमा होत असतं. विवरणपत्र भरण्याआधी ते एकदा उघडून बघा. आणखी एक, कर शून्य आला म्हणून विवरणपत्रातून सुटका होत नाही. वजावटीआधीचं उत्पन्न चार लाखांच्या वर असेल तर नव्या प्रणालीत ते भरावंच लागतं.

जुनी प्रणाली कुणी घ्यावी? हा प्रश्न पूर्वी अवघड होता. २०२५ नंतर तो बराच सोपा झाला आहे. १५ लाख पगार असलेल्या माणसाचा नव्या प्रणालीत उपकराआधीचा कर ९३ हजार ७५० होतो. जुन्या प्रणालीत एवढाच कर यायला त्याला प्रमाणित वजावटीशिवाय सुमारे ५ लाख ४४ हजारांच्या वजावटी दाखवता आल्या पाहिजेत. ८०सीचे दीड लाख आणि राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाचे दोन लाख धरले तरी साडेतीनच होतात. घरभाड्याची मोठी वजावट जोडीला असेल तरच गणित जुळतं. ज्याचं जुळतं त्यानं जरूर जुन्यात राहावं, पण कागदावर आकडे मांडून ठरवावं. नुसत्या सवयीनं जुन्यात राहणारे मी पाहतो, आणि ते दर वर्षी चाळीस-पन्नास हजार जास्त भरत असतात.

नव्या प्रणालीत आलेल्यांना आता एक मोकळीक मिळाली आहे, जी गेल्या पिढीला नव्हती. पैसा कुठे ठेवायचा हे ठरवताना कलमाकडे बघायची गरज उरली नाही. पूर्वी विमा घेतला जायचा करासाठी, आणि आपल्यामागे घरच्यांना किती रक्कम मिळेल हे कुणी बघत नसे. वर्षाला ५० हजार हप्ता भरणाऱ्या माणसाचं विमाछत्र दहा लाख. तो उद्या गेला तर दहा लाखांत त्याच्या घरच्यांचे किती दिवस निघतील? परतावा बघावा तर तोही यथातथाच. वीस वर्षं ५० हजार भरून शेवटी साडेअठरा लाख मिळाले, तर ते साधारण साडेपाच टक्क्यांचं व्याज झालं. तेच पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी २२ लाखांच्या वर जातात. विमा हवाच, पण तो निव्वळ मुदतीचा, म्हणजे ज्यात जिवंत राहिलो तर काही परत मिळत नाही असा. ‘काहीच परत मिळत नाही’ हे ऐकून आपली माणसं नाक मुरडतात. घराच्या विम्यातून किंवा गाडीच्या विम्यातून तरी काय परत मिळतं? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटीही गेला आहे.

मग जुन्या पॉलिसीचं काय करायचं? सरसकट उत्तर नाही. मुदत संपायला चार-पाच वर्षंच उरली असतील तर ती बहुधा पूर्ण करणंच बरं. दोन-तीन वर्षांपूर्वी मार्चच्या घाईत घेतलेली असेल तर कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा. आज मोडली तर किती मिळतील, आणि पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती मिळतील. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी लवकर पॉलिसी सोडणाऱ्याला पूर्वीपेक्षा जास्त रक्कम देणं कंपन्यांना भाग पडलं आहे. एकच काळजी घ्या, नवा मुदत विमा हातात आल्याशिवाय जुना सोडू नका. मधल्या काळात मधुमेह निघाला तर नवा मिळेलच याची खात्री नाही.

करबचतीच्या म्युच्युअल फंडांबाबतही असंच. तीन वर्षं पैसे अडकवण्याच्या बदल्यात वजावट मिळायची. नव्या प्रणालीत वजावट नाही, तर अडकवण्याचंही कारण नाही. तसाच दुसरा साधा फंड घ्या. तोही कधी, तर सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असेल, घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा असेल, आणि तीन वर्षांच्या आत लागणारा पैसा यात नसेल, तेव्हा. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांपर्यंत पोहोचलेला सेन्सेक्स २३ मार्च २०२० ला २६ हजारांच्या खाली बंद झाला होता. ज्याला त्या एप्रिलमध्ये मुलीची फी भरायची होती त्यानं खालच्या भावात विकलं. ज्याला घाई नव्हती त्याचं काही बिघडलं नाही. फंड दोघांचा एकच असू शकतो.

आणि ते ६,९०० रुपये? पगार ज्या तारखेला जमा होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते खात्यातून आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन टाका, पीपीएफकडे किंवा फंडाकडे, ज्याला जे झेपेल तिकडे. महिनाअखेरीला उरतील ते टाकू, असं म्हणणाऱ्याचे ते उरत नाहीत. भिशी लावणाऱ्या बायकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भिशीचे पैसे आधी बाजूला, मग वाण्याचं बिल.

शेवटी नव्या कायद्याविषयी, कारण त्याचा उगीच धसका घेतलेली माणसं भेटतात. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. त्यात ५३६ कलमं आहेत, भाषा थोडी सोपी आहे, आणि ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ हा गोंधळ जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला आहे. कराचे दर या कायद्यानं बदललेले नाहीत. कलमांचे आकडे बदलले आहेत. ८०सी आता कलम १२३ झालं. आर्थिक वर्ष २०२५-२६ चं विवरणपत्र मात्र जुन्या कायद्याप्रमाणेच, त्यामुळे त्यात जुनेच आकडे दिसतील.

नव्या-जुन्याची निवड पगारदार आणि निवृत्तांना दर वर्षी विवरणपत्र भरताना बदलता येते, ऑफिसला आधी काहीही कळवलेलं असलं तरी. धंदा-व्यवसाय करणाऱ्यांना ती वारंवार बदलता येत नाही, त्यांनी आपल्या सल्लागाराला विचारूनच पाऊल उचलावं. पण जुनी प्रणाली हवी असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आतच गेलं पाहिजे. पगारदारांसाठी ही मुदत एरवी ३१ जुलै असते. २०२५ मध्ये ती १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती आणि ऐनवेळी आणखी एक दिवस मिळाला, म्हणून दर वर्षी मिळेलच असं धरू नका. उशीर झाला तर विवरणपत्र भरता येतं, पण नव्याच प्रणालीत, आणि मग घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, विम्याचा हप्ता यांच्या जपून ठेवलेल्या पावत्यांचा त्या वर्षापुरता काही उपयोग होत नाही.